तिरकी रेघ

आबांचं ते यादीवरून सरकणारं बोट अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. गेल्या श्रावणातली गोष्ट. भजनी सप्ताहाचा दुसरा दिवस, सकाळची वेळ. पाऊस जरा थांबला होता. सभामंडपाच्या फरशीवर ओल्या पायांचे ठसे, खांबाला टेकवलेल्या छत्र्यांतून पाणी ठिबकतंय, आत कुठल्याशा वाड्याची, म्हणजे गावातल्या एका वस्तीची, भजनाची पाळी रंगात आलेली. नोटीस बोर्डावर मी छापून आणलेली वर्गणीदारांची यादी चार पिनांनी लावली होती. आबा तिच्यासमोर उभे होते आणि त्यांचं बोट एकेका नावावरून खाली येत होतं. एक पान संपलं की दुसरं, दुसरं संपलं की तिसरं, मग पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला मी जवळ गेले. "म्हजें नांव हांगा ना गे बाय," ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता, छत्री कुठं ठेवली ते आठवत नाही असं म्हणावं तसं. रेशनच्या पिशवीतून त्यांनी प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली पावती काढली. मास्तरांच्या वळणदार अक्षरात नाव आणि खाली रक्कम, ५००/-. छपाईत राहिलं असेल, संध्याकाळी नवी यादी लावते, असं काहीतरी मी पुटपुटले. आबा हसले. "आसूं दी गे. यंत्राक किदें खबर!"

यंत्राला खबर होती. मीच त्याला गप्प बस म्हणून सांगितलं होतं.

गेली चौदा वर्षं मी पणजीत एका छोट्या कंपनीत प्रोग्राम लिहिते. दर रविवारी चार वाजता गावातल्या वाचनालयाच्या माडीवर सात मुलांना प्रोग्रामिंग शिकवते. तेव्हा माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही. सप्ताहाच्या ३१२ पावत्या होत्या. चार पावतीपुस्तकं चार माणसांकडे, आणि त्यांचे फोटो बघून एका कॉलेजच्या पोरानं सगळा मजकूर शीटमध्ये भरला होता, जसा होता तसा. मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत वीस-बावीस ओळी लिहिल्या. ओळ वाच, रकमेचा आकडा कर, नाव यादीत घाल, बेरीज करत जा. चालवलं तर स्क्रीनभर लाल अक्षरं. बघते तर शीटच्या सुरुवातीलाच एक रिकामी ओळ, आणि रिकाम्या मजकुराचा आकडा करायला पायथन तयार नाही. ती ओळ काढली. पुन्हा लाल, मध्येच कुठंतरी आणखी एक रिकामी. रात्रीचे साडेअकरा झाले होते, वीज दोनदा जाऊन आली होती, इन्व्हर्टर कण्हत होता, आणि झेरॉक्सवाला केवळ देवाचं काम म्हणून सकाळी सातला दुकान उघडणार होता. मग मी तेच केलं, जे करू नका म्हणून दर रविवारी घसा फोडते. आकडा करण्यापासून बेरजेपर्यंतच्या सगळ्या ओळी ट्रायमध्ये घातल्या, खाली एक्सेप्ट लिहिलं, त्याच्यापुढे कुठल्याही चुकीचं नाव घातलं नाही, आणि त्याच्या पोटात एकच शब्द: पास. करून बघ, जमलं नाही तर नाही, कशामुळे जमलं नाही ते मला सांगू नकोस, पुढे चल. तात्पुरतं, असं मनाशी म्हटलं. तात्पुरतं म्हणून लिहिलेलं मी आजवर एकदाही काढलेलं नाही, पण ते वेगळं.

प्रोग्राम लोण्यातून सुरी जावी तसा गेला. यादीत २८९ नावं आली. मोजून बघायचं सुचलं नाही. इतकी नीट यादी बघून समाधानानं झोपले.

राहिलेली तेवीस नावं एकाच पुस्तकातली होती, मास्तरांच्या. मास्तर म्हणजे आमच्या मराठी शाळेतले, निवृत्त होऊन पंचवीस वर्षं झाली तरी गावाचे मास्तरच. गुडघा दुखत होता म्हणून गेल्या वर्षी ते फक्त आपल्याच वाड्यावर फिरले, बांधापलीकडच्या. बाकीची तीन पुस्तकं पोरांकडे, ती नुसती पाचशे, पाचशे एक लिहून मोकळी. मास्तर मात्र प्रत्येक रकमेपुढे तिरकी रेघ आणि आडवी रेघ ओढणार म्हणजे ओढणारच. का, ते त्यांनी आम्हाला चौथीत सांगितलं होतं. रक्कम उघडी ठेवायची नाही, नाहीतर कुणीतरी मागे एक शून्य चिकटवतो आणि पाचशेचे पाच हजार होतात. रकमेला कुणी हात लावू नये म्हणून घातलेलं ते कुंपण. पायथनला देवनागरी आकडे कळतात, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. मजकुराचा आकडा करणाऱ्या त्याच्या इंटला इंग्रजी पाचशे द्या नाहीतर मराठी, त्याला दोन्ही सारखेच. मास्तरांचं ५०० त्यानं बिनबोभाट घेतलं असतं. तो अडला त्या कुंपणाशी. आणि अडल्यावर त्यानं जे करायला हवं तेच केलं होतं. व्हॅल्यूएरर म्हणून हाक दिली आणि शेवटी अवतरणचिन्हांत ती रक्कमच लिहून दाखवली. 'हे बघ, हे मला वाचता येत नाही', तेवीस वेळा. मी कानांवर उशी घेऊन झोपले होते.

आता गावात तेवीस नावं राहणं म्हणजे तेवीस नावं राहणं एवढंच नसतं. बांधापलीकडचा अख्खा वाडा यादीत नाही! त्या वाड्याला आधीच वाटतं की प्रसाद आपल्यापर्यंत शेवटी येतो, पालखी आपल्या दारी घाईत फिरते. त्यात काही खरं असेल, काही नसेल, मी त्या वाड्यावर राहत नाही तेव्हा मला ते कळायचंही नाही. पण कोरी जागा लोक कोरी ठेवत नाहीत. तिच्यात आपापला जुना हिशेब भरतात. त्या रात्री त्या वाड्याची भजनाची पाळी होती, आणि दोन पोरं आलीच नाहीत. एकानं मृदंग घरी ठेवला म्हणे. मी नवी यादी लावली, माइकवरून दिलगिरीही व्यक्त केली, आणि मला स्पष्ट दिसत होतं की माझं कुणाला पटत नाहीये. कॉम्प्युटरची चूक एकाच वाड्याला बरी सापडली, असं एका बाईनं माझ्या आईला ऐकवलं. काय उत्तर देणार? चूक एकाच वाड्याला सापडली होती हे खरंच होतं.

आणि गल्ला? गल्ल्यात यादीपेक्षा साडेअकरा हजारांच्या आसपास जास्त भरत होते. खजिनदारांना ते पहिल्याच दिवशी दिसलं होतं. मागची शिल्लक असेल, असं म्हणून त्यांनी ते बाजूला बांधून ठेवलं. पैसे कमी भरले असते तर त्याच रात्री माझ्या दारात चार माणसं उभी राहिली असती. जास्त भरले, मग कोण कुणाला विचारतो?

त्या रविवारी वर्गात मी ही गोष्ट मुलांना सांगितली. सांगावी की नाही असं बसमध्ये बसल्यापासून चाललं होतं. वाचनालयाची माडी पावसाळ्यात ओल्या पुस्तकांच्या वासानं भरलेली असते, खिडकीखालून पोदेराच्या, पाववाल्याच्या, सायकलचा पोंपों जातो आणि निम्मा वर्ग तिकडे बघतो. मुलं तेरा ते सतरा वर्षांची. त्यांना लाल अक्षरांची भीती वाटते. प्रोग्राम फुटला की ती चटकन खिडकी बंद करतात, टीचरनं बघू नये म्हणून. भीती घालवायला मी त्यांना एक युक्ती शिकवली आहे. तो लांबलचक लाल मजकूर वरून वाचायचा नाही, खालून वाचायचा. आपले आजोबा पेपर हातात आला की आधी निधनवार्तांचं पान उघडतात ना, तसं. कोण गेलं ते आधी कळू दे, कसं आणि कुठं ते मग. शेवटच्या ओळीत चुकीचं नाव असतं. तिच्या वर, कुठल्या फाइलमध्ये, कितव्या ओळीवर. माझी गोष्ट ऐकून मुलं हसली नाहीत, याचं मला जरा वाईटच वाटलं. एका मुलानं विचारलं, "टीचर, मग एक्सेप्ट लिहायचंच नाही?"

या प्रश्नाला मी आधी पुस्तकी उत्तर देत असे. त्या दिवशी मला बाबा आठवले. आमची खाजनात शेती होती. नदीच्या खाऱ्या पाण्याला मातीचा बांध, आणि बांधात मानस. गोव्याबाहेरच्यांना मानस दाखवल्याशिवाय कळत नाही, पण माझ्या वर्गातल्या सातांपैकी पाच जणांनी तिच्या कठड्यावर बसून गळ टाकलेले आहेत. मानशीची लाकडी दारं वरून टांगलेली असतात. भरती आली की नदीचं पाणीच त्यांना ढकलून मिटवतं. ओहोटी लागली की आतलं, शेतातलं पाणी ढकलून उघडतं. रात्री-अपरात्री कुणी उठून जायला नको. मी मुलांना म्हटलं, मानशीच्या जागी सरळ भिंत घातली तर? एक जण म्हणाला, बरंच, खारं पाणी कधीच येणार नाही. दुसरी, जिचे वडील अजून शेत करतात, ती लगेच म्हणाली, "आणि पावसाचं पाणी जाणार कुठनं? शेत कुजेल." नाव न घेता लिहिलेलं एक्सेप्ट म्हणजे ती भिंत. ते सगळंच अडवतं. तुम्ही वैतागून कंट्रोल-सी दाबून प्रोग्राम थांबवायला गेलात तर तेही अडवतं, कारण पायथनच्या हिशेबी तोही एक अपवाद, म्हणजे एक्सेप्टनं झेलायची हाकच. व्हॅल्यूएरर असं नाव लिहिलं की मग ती मानस. कुठल्या पाण्याला मिटायचं हे दाराला ठाऊक. आणि ट्रायच्या पोटात एकच ओळ ठेवायची, जी अडण्याची खरोखर भीती आहे ती. अख्खा प्रोग्राम आत कोंबायचा नाही.

बाबांचं आणखी एक सांगायचं राहिलं. उधाणाच्या भरतीनंतर ते बांधावरून फिरायला निघत आणि कधीकधी मला सोबत नेत. मी आठ-नऊ वर्षांची असेन. पायाखाली चिकण माती, एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला शेत, आणि दोन्हींच्या पाण्याचा वास वेगळा. बांध फुटतो तो लाटेनं नाही, कुर्ल्यांच्या बिळांनी. अंगठ्याएवढं भोक, दोन भरत्यांत मनगटाएवढं, चौथ्या दिवशी माणूस जाईल एवढं खिंडार. बाबांच्या खिशात भाताचा कोंडा असे. संशय आला तिथं ते मूठभर कोंडा नदीच्या बाजूला पाण्यावर टाकत आणि टॉर्च धरून बसत. कोंडा नुसता डुलत राहिला तर ठीक. एका जागी गोळा होऊन हळूच गोल फिरायला लागला की तिथं खाली बीळ आहे. एकदा बुजवलेल्या बिळाजवळ ते काठी रोवून ठेवत, आणि पुढच्या उधाणाला त्या प्रत्येक काठीपाशी थांबून पुन्हा कोंडा टाकत. मी कंटाळून म्हणायची, बाबा, हे बुजवलंय ना? ते काही बोलत नसत. कोंड्याकडे बघत असत.

मुलांना टेस्टिंग शिकवायला गेलं की हमखास हीच कुरकुर. प्रोग्राम चालतोय ना टीचर, मग पुन्हा तपासायचं कशाला? आणि तपासायचंच तर एकदा चालवून डोळ्यांनी बघू, त्यासाठी आणखी प्रोग्राम का लिहायचा? रास्त प्रश्न आहे. डोळ्यांनी मी पण बघितलं होतं, २८९ नावांची सुबक यादी. असलेलं दिसतं, नसलेलं दिसत नाही. म्हणून त्या रविवारी आम्ही मास्तरांच्या पावत्यांवरच बसलो. रकमेचा मजकूर घेऊन आकडा देणारं एक छोटं फंक्शन, आणि त्याच्यासाठी काठ्या रोवायच्या. कुठलं घातलं की काय यायला हवं, ते असर्ट लिहून आधीच कागदोपत्री करून ठेवायचं. साधे पाचशे. मराठी पाचशे. पुढेमागे मोकळी जागा असलेले पाचशे. स्वल्पविराम घातलेले एक हजार. मास्तरांच्या रेघांसकट पाचशे. अक्षरी 'पाचशे', इथं आकडा यायला नको, व्हॅल्यूएररच यायला हवा, आणि तो आला नाही तर टेस्ट नापास. हे मुलांना फार गमतीचं वाटलं, चूक झाली नाही म्हणून नापास! उणे पाचशे कुणाला सुचलं नव्हतं, ते मी घातलं, आणि इंटनं ते निमूट घेतलं. उणे पाचशे रुपये वर्गणी. यंत्राच्या लेखी त्यात गैर काहीच नाही, हाक मारायचं कारण नाही. ते गैर आहे हे आपण सांगायचं, आपणच रेझ लिहून हाक मारायची. पायटेस्ट हे टेस्ट तपासणारं साधन चालवलं की पास झालेल्या प्रत्येक टेस्टमागे एक हिरवा ठिपका उमटतो, नापास झाली की लाल एफ. मुलं त्या ठिपक्यांसाठी वेडी झाली. एका पोरानं दहा मिनिटांत असं फंक्शन लिहिलं की सगळे हिरवे. मजकुरातले आकडे तेवढे ठेवायचे, बाकी सगळं फेकायचं. रेघा गेल्या, स्वल्पविराम गेला. अक्षरी रकमेत आकडाच नाही, तिथं आपसूक व्हॅल्यूएरर. उण्याचं चिन्ह दिसलं की हाक. मी शाबासकी दिली. खरं सांगायचं तर मला ते पटलं होतं.

पुढच्या रविवारी त्या शेतकऱ्याच्या मुलीनं पणजोबांच्या पेटीतला एक कागद आणला. १९६० सालची कसल्याशा कराची पावती, पोर्तुगीजांच्या अमलातली, कडा वाळवीनं खाल्लेल्या, शाई तपकिरी झालेली. रकमेच्या जागी पंचवीस, मग डॉलरसारखी खूण, मग दोन शून्यं. "टीचर, पणजोबांकडे डॉलर होते?" डॉलर नव्हे, ते एस्कुदो. आधीचा रुपया जाऊन शेवटच्या दोन-तीन वर्षांत गोव्यात एस्कुदो आला होता. पोर्तुगीज ती खूण दशांशचिन्हाच्या जागी घालत, डावीकडे एस्कुदो, उजवीकडे सेंताव. म्हणजे पंचवीस एस्कुदो, शून्य सेंताव. पोरीनं ते फंक्शनमध्ये घातलं. फंक्शननं खूण फेकली, आकडे ठेवले आणि उत्तर दिलं, अडीच हजार. लाल काही नाही, हाक नाही, काही नाही. वर्गात एकदम शांतता. मग ज्यानं ते फंक्शन लिहिलं होतं तोच पोरगा म्हणाला, "आणि कोणी ५०१/- आणि पुढे कंसात २ पावत्या असं लिहिलं तर पाच हजार बारा होणार." गेल्या वर्षी मी नावं गिळली होती. हा रकमा फुगवणार होता, आणि मास्तर ज्या शून्याच्या भीतीनं जन्मभर रेघा ओढत आले ते शून्य आमच्या यंत्रानं स्वतःच चिकटवलं असतं. आम्ही फंक्शन कडक केलं. ठाऊक असलेली कुंपणं तेवढी काढायची, उरलेल्यात अनोळखी काही दिसलं की हाक मारायची. पंचवीस एस्कुदोची टेस्ट अजून त्या फाइलमध्ये आहे. आमच्या वर्गणीत एस्कुदो कुणी देणार नाही, पण काढवत नाही.

एक मात्र आहे. 'हाक मारत जा, गप्प बसू नका' असं सरसकट सांगायला माझी जीभ रेटत नाही. ४ जून १९९६ ला फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन ५ हे रॉकेट पहिल्यांदा उडालं आणि चाळीस सेकंदांच्या आत आभाळात फुटलं. आत हाच प्रकार होता, एका आकड्याचा दुसऱ्या प्रकारचा आकडा करायचा. ६४ बिटांतली आडव्या वेगाशी निगडित संख्या १६ बिटांत बसवायची, जिथं ३२,७६७ च्या वर काही मावत नाही. प्रोग्राम एरियन ४ वरून उचललेला. ते रॉकेट संथ, त्यात आकडा कधी तेवढा मोठा होतच नसे. अशा सात ठिकाणांपैकी चारांना संरक्षण घातलं होतं आणि तिघांना नाही, गरज पडणार नाही म्हणून. आकडा मावला नाही, यंत्रानं हाक दिली, हाकेला ओ द्यायला कुणी नाही, म्हणून दिशा सांगणारा तो संगणक बंद पडला. जोडीचा राखीव संगणक? त्यातही तोच प्रोग्राम, तो आधीच त्याच कारणानं बंद पडलेला. पहिल्या संगणकानं बंद पडताना पाठवलेली दुरुस्तीची माहिती मुख्य संगणकानं उड्डाणाची माहिती समजून वाचली आणि इंजिनांची नळकांडी वळवली. आणि कहर म्हणजे ते गणित जमिनीवरच्या जुळवाजुळवीपुरतं होतं, उडाल्यावर त्याचा काही उपयोगच नव्हता. तिथं खरं तर ती एक चूक पोटात घालून पुढे गेलं असतं तर चाललं असतं. पण ते कुणीतरी आधी बसून ठरवायला हवं होतं. आणि नव्या रॉकेटची खरी वाट त्या प्रोग्रामला एकदा तरी जमिनीवर चालवून दाखवायला हवी होती. माझ्या साडेअकराच्या पासमध्ये ठरवणं कुठंच नव्हतं, होती ती झोप.

आमच्या घरात ठरवून गप्प बसण्याची मोठी परंपरा आहे. काका मुंबईत वारले तेव्हा आजीला वर्षभर सांगितलं नव्हतं. काकांकडून तिच्या नावानं यायच्या त्या मनीऑर्डरी त्या वर्षी बाबाच करत. तिला कळलं नव्हतं असं मला अजिबात वाटत नाही. ती चतुर्थीला गणपतीवरची फळांची माटोळी बांधताना एक नारळ काकांच्या नावाचा म्हणून वेगळा काढायची आणि त्या वर्षी तिनं तो काढला नाही. कुणी काही बोललं नाही. त्याला चूक म्हणावं की माया, मला अजून ठरवता आलेलं नाही. प्रोग्रामात निदान पास लिहिणाऱ्यानं शेजारी कारण लिहून ठेवावं, एवढं मी मुलांना सांगते. आणि फायनलीबद्दल सांगते ते आईवरून. ट्राय जमो न जमो, फायनलीतलं होणारच, उघडलेली फाइल मिटली जाणार. जमिनीच्या वाटणीवरून घरात आवाज चढले होते त्या संध्याकाळीही आई मधूनच उठली होती, तुळशीपाशी दिवा लावून आली होती, आणि पुन्हा भांडायला बसली होती.

यंदाच्या सप्ताहाला यादी मीच करणार हे गावानं गृहीत धरलं. आईला वाटलं मी नाही म्हणावं. मास्तरांचा गुडघा बरा नव्हताच, तरी ते पुस्तक घेऊन वाड्यावर फिरले, आणि पुन्हा प्रत्येक रकमेला कुंपण. मी त्यांना रेघा घालू नका असं सांगितलं नव्हतं. यंदाच्या प्रोग्रामला एक अट घातलेली: आलेल्या पावत्या, घेतलेल्या आणि अडलेल्या, या तिन्हींचा मेळ बसला तरच यादी छापायची, आणि अडलेल्यांची कारणासकट वेगळी यादी द्यायची. रात्री दहाच्या सुमारास चालवला. पावत्या २९८, घेतल्या २९७, अडली १. पावती क्रमांक ११८. रकमेच्या रकान्यात मजकूर: कोरगुट तांदूळ १० किलो. नाव आबांचं.

आमच्या आधीच्या हुशार फंक्शननं याचे दहा रुपये केले असते.

वीज गेली होती. लॅपटॉपवर वीस टक्के बॅटरी. मास्तरांना फोन करू की नको करत शेवटी केला. ते जागे होते. पलीकडे पत्र्यावर पाऊस इतका वाजत होता की त्यांना प्रत्येक वाक्य दोनदा सांगावं लागलं. हो, बरोबर आहे म्हणाले, यंदा त्याला पैशांचं जमलं नाही, पेन्शन अडकलीय कुठंतरी, म्हणून खाजनातले तांदूळ दिले. महाप्रसादाला गेले पण. मी विचारलं, मग रक्कम काय धरू? तांदळाचा भाव लावू का? "भाव लावू नको," ते म्हणाले, "त्यानं काय विकले नाहीत." बरं, मग रकमेत शून्य घालते, म्हणजे नाव तर येईल.

"शून्य?" पत्र्यावरच्या पावसातूनही त्यांचा चौथीच्या वर्गातला आवाज मला ओळखू आला. "शून्य म्हणजे दिलं नाही असं होतं गे. नाव घाल, आणि रकमेच्या जागी आडवी रेघ मार. बेरजेत धरू नको. आणि खाली तांदूळ म्हणून लिही."

मी होय म्हटलं. बॅटरी आता सतरा टक्के होती. प्रोग्रामात हात घालायच्या आधी टेस्टची फाइल उघडली आणि पंचवीस एस्कुदोच्या खाली नवी ओळ लिहायला घेतली, कोरगुट तांदूळ १० किलो, उत्तर शून्य नसायला हवं. चालवली. लाल एफ.